काचेतले तळे आणि काचेतला समुद्र

संस्कृतातील 'प्रवाल' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, झाडाला नुकताच फुटलेला कोवळा कोंब. दुसरा, समुद्रातून येणारे पोवळे. कोंब आणि पोवळे यांना एकाच नावाने हाक मारणाऱ्या आपल्या पूर्वजांना दोष देण्याचे कारण नाही. समुद्राच्या तळाशी फांद्या पसरून उभे राहिलेले प्रवाळ पाहिले म्हणजे हे झुडूपच आहे असे कोणालाही वाटावे. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत विद्वान मंडळी त्याची गणना वनस्पतींतच करीत. १७२७ साली पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला असे कळविले की, प्रवाळाची फुले म्हणून जी वाखाणली जातात ती फुले नसून लहान लहान प्राणी आहेत. हे विधान त्या काळी इतके विलक्षण वाटले की, रेओम्यूर या नामवंत शास्त्रज्ञाने ते अकादमीपुढे ठेवताना लेखकाची अब्रू राहावी म्हणून त्याचे नावच गाळले. पुढे पेसोनेलचेच म्हणणे खरे ठरले.

तथापि जुन्या समजुतीतही सत्याचा एक अंश होता, आणि तो ध्यानात आला म्हणजे घरी काचेच्या पेटीत प्रवाळ जगविणे इतके अवघड का, हेही उलगडते. दागिन्यात बसवितात ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या, खोल कपारींत वाढते; त्याची गोष्ट वेगळी. परंतु उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात जे प्रवाळ मोठमोठे खडक उभारतात, त्यांच्या देहात एकपेशीय शैवाल कोट्यवधींच्या संख्येने वस्ती करून असते. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील बराच मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. म्हणजे प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याचे स्वयंपाकघर वनस्पतीच्या हाती आहे. म्हणूनच पाणवनस्पती वाढविणारा आणि प्रवाळ वाढविणारा या दोघांचीही पहिली चिंता एकच असते, ती म्हणजे उजेडाची.

घरात असे समुद्रजीव जगवून दाखविण्याचा मान बहुधा एका गृहिणीकडेच जातो. लंडनच्या ॲना थिन या बाईंनी १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून कठीण प्रवाळाचे काही जीव आणले आणि शहरात, समुद्रापासून दूर, भांड्यात ठेवले. पाणी विटू नये म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत राहण्याचे काम रोज अर्धा-पाऊण तास घरातील मोलकरणीकडे असे. विजेचा पंप जे काम करतो तेच ती बिचारी हातांनी करीत होती. पुढे थिनबाईंनी त्या पाण्यात समुद्रवनस्पती सोडल्या आणि ओतण्याचे काम पुष्कळ हलके झाले. अनामिक राहिलेल्या त्या मोलकरणीचे नाव मत्स्यालयाच्या इतिहासात यावयास हवे होते.

आपल्या देशात या विषयाचा प्रारंभ झाला तो मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत. तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी रामेश्वर आणि मन्नारच्या आखाताच्या बाजूस जाऊन तेथील समुद्रजीवांचा अभ्यास केलेला होता. त्यांच्या खटपटीने १९०९ साली मरीना किनाऱ्यावर सागरी मत्स्यालय उघडले गेले. देशातील पहिले म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय त्यानंतर चार दशकांनी, १९५१ साली आले. मद्रासचे मत्स्यालय १९१९ साली मत्स्यखात्याकडे गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्याची दारे लागली. शहराची हौस मात्र गेली नाही. उत्तर चेन्नईतील कोळत्तूर हा भाग आज रंगीत माशांच्या पैदाशीसाठी आणि व्यापारासाठी देशभर ओळखला जातो. तमिळ लोक या माशांना 'वण्ण मीन' म्हणतात. घरांच्या गच्चीवर, अंगणात, सिमेंटच्या हौदांत या वण्ण मिनांची पिढ्यान् पिढ्या पैदास चालते, आणि माशांबरोबरच दुकानांतून पाणवनस्पतींच्या जुड्या विकावयास येतात.

तेव्हा चेन्नईतील एखाद्या कुटुंबाने काचेची टाकी घरी आणली, तर तिचे पुढे काय होते, हे पाहणे बोधप्रद आहे.

सर्वात आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. बाजारात चित्रे पाहून पुष्कळांची अशी कल्पना होते की, एकाच टाकीत हिरवीगार वेल आणि रंगीबेरंगी प्रवाळ एकत्र नांदतील. हे घडावयाचे नाही. टाकीत लावावयाच्या जवळजवळ सर्व वनस्पती गोड्या पाण्यातील आहेत आणि प्रवाळ खाऱ्या पाण्यातील. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यात गोड्या पाण्याची वनस्पती काही तासांतच मान टाकते. समुद्रातही सपुष्प वनस्पती आहेत. पाल्कच्या सामुद्रधुनीत समुद्रगवताची विस्तीर्ण कुरणे असून त्यांवर समुद्रगाय चरते. पण ते गवत घरच्या टाकीत रुजविणे हे निष्णातांचेच काम. तेव्हा गोडे तळे की खारा समुद्र, हा निर्णय टाकीत पाणी भरण्यापूर्वी झाला पाहिजे.

दोहोंनाही सामान्य अशी एक गोष्ट आहे, आणि नवशिक्यांच्या बहुतेक टाक्या तीच न कळल्यामुळे बुडतात. मासा किंवा अन्य जलचर जे उत्सर्जन करतो त्यात अमोनिया असतो, आणि उरलेले अन्न कुजले म्हणजे आणखी अमोनिया तयार होतो. हे जलाल विष आहे. निसर्गात एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पतींच्या खताला उपयोगी पडते. हे जंतू वाळूवर, खडकावर, गाळणीच्या स्पंजावर पातळ थर करून राहतात. नव्या टाकीत ते नसतात. त्यांची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ज्या दिवशी टाकी आणली त्याच संध्याकाळी मासे सोडण्याचा मोह फार मोठा असतो, विशेषतः घरात मुले असली म्हणजे. पण ते सहा आठवडे नुसती रिकामी, गढूळशी दिसणारी टाकी पाहत बसण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्याच टाकीला पुढे शोभा येते. पुष्कळ लोक स्वच्छतेच्या कल्पनेने गाळणीचा स्पंज नळाखाली धुतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या उपकारक जंतूंची पुन्हा राखरांगोळी करते. स्पंज धुवावयाचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.

आता गोड्या तळ्याकडे वळू. शाळेत हायड्रिलाची फांदी पाण्यात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून, उन्हात तिच्यातून निघणारे प्राणवायूचे बुडबुडे परीक्षानळीत गोळा करण्याचा प्रयोग पुष्कळांनी केलेला असेल. त्या प्रयोगात टाकीतील बागेचे सारे शास्त्र आले. वनस्पतीला हवा असतो प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे खत. हवेतील झाडाला कार्बन डायऑक्साइडची वाट पाहावी लागत नाही. पाण्यात मात्र हा वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पानाला लागून असलेले पाणी क्षणात रिते होते आणि दुरून वायू येईपर्यंत पान उपाशी राहते. म्हणून टाकीत पाणी मंदपणे फिरते राहिले पाहिजे. हौशी मंडळी सिलिंडरमधून हा वायू बुडबुड्यांनी सोडतात. दर लिटरमागे वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंत तो असला तर पाने जोमाने वाढतात. याहून पुढे गेल्यास मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे सिलिंडरची तोटी दिव्याबरोबरच बंद झाली पाहिजे.

प्रकाशाच्या बाबतीत उदारपणा नडतो. दिवा अधिक वेळ जाळला म्हणजे झाड अधिक वाढेल, हा हिशेब चुकीचा आहे. झाडाला वायू आणि खत यांची जेवढी सोय असेल तेवढाच प्रकाश ते वापरते. उरलेला प्रकाश शेवाळ वापरते आणि मग पानांवर हिरवे-काळे केस उगवतात. नवी टाकी असेल तर सहा तास, पुढे सात-आठ तास प्रकाश पुरे. चेन्नईसारख्या ठिकाणी टाकी खिडकीत ठेवणे म्हणजे शेवाळाला निमंत्रण देणे आणि उकाड्याला पाट मांडणे.

झाड आजारी पडले तर ते पानांच्या भाषेत बोलते. जुनी, खालची पाने पिवळी पडली तर बहुधा नायट्रोजन कमी आहे. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडली तर पोटॅश. कोवळी, नवी पाने फिकट येऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी. लोह झाडाच्या देहात एका पानातून दुसऱ्या पानात सहजी जात नाही, त्यामुळे उणीव नव्या पानाला भोवते. नायट्रोजन मात्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देते, कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटातले लेकरांना वाढावे तसे.

चेन्नईतील पाण्याची कथा निराळीच आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी कठीण, कित्येक ठिकाणी मचूळ. नळाला येणाऱ्या पाण्यात तलावांचे पाणी असते, आणि मिंजूर येथे २०१० साली व नेम्मेली येथे २०१३ साली, रोज दहा-दहा कोटी लिटर क्षमतेचे, समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने सुरू झाल्यापासून कित्येक वस्त्यांत समुद्रच नळातून येऊ लागला. अशा पाण्यात क्षार थोडे असतात. म्हणजे एकाच शहरात एका गल्लीत पाणी दगडासारखे कठीण, तर दुसरीत पावसाच्या पाण्याइतके मऊ असू शकते. आणि टँकर आला तर तो कोठल्या विहिरीवरून आला हे देवच जाणे. त्यामुळे शेजाऱ्याच्या टाकीत जी वेल फोफावली ती आपल्याकडे का कुजली, याचे उत्तर बहुधा पाण्याच्या कठीणपणात सापडते. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या वनस्पती कठीण पाण्यातील बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेऊ शकतात. त्या कामात त्यांच्या पानांवर चुन्याचा पांढरा पापुद्रा धरतो, तो रोग नव्हे. ज्यांना ही कला अवगत नाही अशा नाजूक वनस्पती कठीण पाण्यात उपासमारीने मरतात. तेव्हा पाणी बदलण्यापेक्षा पाण्याजोगी वनस्पती निवडणे शहाणपणाचे.

निवड करावयास परदेशी पाहण्याचीही गरज नाही. आयुर्वेदातील ब्राह्मी दलदलीत वाढते, ती पाण्याखालीही सरळ उभी वाढते आणि उकाड्याला दाद देत नाही. कोकण आणि पश्चिम घाटातील ओढ्यांत क्रिप्टोकोरीनच्या जाती आहेत. या वंशाची एक खोड अशी की, एका टाकीतून दुसरीत लावले की चार दिवसांत सारी पाने विरघळून जातात. पुष्कळ लोक झाड मेले म्हणून उपटून फेकतात. मूळ जागच्या जागी राहू दिले तर महिन्याभरात ते नव्या पाण्याला मानवणारी नवी पाने काढते. जावा नेचा आणि ॲन्युबियस यांचा कंद वाळूत पुरला तर कुजतो. तो दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावयाचा. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात डबक्यांतून वायतुरा उगवतो. ॲपोनोजेटॉन वंशाची ही जात त्या परिसराबाहेर क्वचितच आढळते. तिचा कंद उन्हाळाभर कोरड्या जमिनीत झोपतो. तिचे बहिणीसारखे नाते असलेल्या ज्या जाती दुकानांत मिळतात त्यांनाही वर्षातून दोन-तीन महिने विश्रांती लागते. पाने गेली म्हणून कंद टाकून देऊ नये. वायतुरा मात्र पठारावरच राहू द्यावा. तो तेथून उपटून आणण्याची हौस ही हौस नव्हे.

येथवर गोडे तळे झाले. खारा समुद्र काचेत उभा करणे याहून कितीतरी खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. चेन्नईकराला वाटेल, समुद्र दारात आहे, दोन घागरी भरून आणल्या की झाले. परंतु मरीनाच्या पाण्यात लाटांनी ढवळलेली वाळू असते, कूवम आणि अड्यार या नद्या शहराचे सांडपाणी त्यात आणून सोडतात, आणि ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, किनाऱ्याजवळचा खारेपणाच उतरतो. म्हणूनच चेन्नईच्या वालुकामय किनाऱ्याला प्रवाळाचे खडक नाहीत. ते पाहावयास दक्षिणेस साडेपाचशे किलोमीटरांवर रामेश्वराकडे जावे लागते. घरचा हौशी मनुष्य तेव्हा गाळणयंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात तयार मीठ मिसळून समुद्र बनवितो. सरकार समुद्रातील मीठ काढून पाणी नळाला सोडते आणि नागरिक पैसे मोजून ते मीठ पुन्हा त्यात घालतो. या व्यवहाराकडे पाहून खुद्द समुद्रालाही हसू येईल.

या समुद्रात खारेपणा स्थिर राहिला पाहिजे. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. म्हणून कमी झालेले पाणी भरून काढावयाचे ते गोड्या पाण्याने, खाऱ्या नव्हे. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे कित्येक टाक्या महिन्याभरात मृतसमुद्र झाल्या आहेत. मग प्रश्न चुन्याचा. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे चुनखडीच. तो बांधण्यासाठी प्राणी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत उचलतो. समुद्रात दर लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि समुद्र अमर्याद आहे. टाकीतला साठा वाढत्या प्रवाळांनी थोड्याच आठवड्यांत ओसरतो. १९७० नंतरच्या काळात जर्मनीत पीटर विल्केन्स यांनी यावर जो उपाय रूढ केला तो मराठी घराला अनोळखी नाही. तो म्हणजे चुन्याची निवळी. विड्याच्या चुन्याची नव्हे, शुद्ध चुन्याची; पण तत्त्व तेच. चुना पाण्यात ढवळून, गाळ खाली बसू देऊन, वरचे स्वच्छ पाणी रात्री थेंबाथेंबाने टाकीत सोडावयाचे. वाफ झालेले पाणीही भरून निघते आणि कॅल्शियमही. ही निवळी अत्यंत दाहक असते. घाईने पेलाभर ओतली तर पाण्याची अल्कता एकाएकी चढून टाकीतील जीव एका रात्रीत मरतात.

पाण्याचा प्रवाह, नायट्रेट व फॉस्फेट अगदी थोडे राखणे, फेस काढून घाण बाहेर टाकणारे यंत्र, सच्छिद्र जिवंत खडक, या साऱ्या गोष्टी आवश्यकच आहेत. जिवंत खडकाची युक्ती, म्हणजे जंतूंची वस्ती असलेला समुद्रातील खडकच टाकीत रचावयाचा आणि गाळणीचे काम त्याच्याकडे द्यावयाचे, १९६१ च्या सुमारास जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जगापुढे मांडली. परंतु चेन्नईत या सर्वांवर मात करणारा एक शत्रू आहे, आणि तो म्हणजे उकाडा.

प्रवाळाला चोवीस ते सत्तावीस अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. तीसच्या वर ते काही दिवस राहिले की त्याच्या देहातील शैवालाचे यंत्र बिघडते. प्रखर प्रकाशात ते प्राणवायूची विषारी रूपे निर्माण करू लागते, आणि प्राणी आपल्याच स्वयंपाक्याला घराबाहेर काढतो. शैवाल गेले की रंग जातो आणि पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळाचे विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेले नसते. रात्री स्पर्शिका पसरून ते सूक्ष्म जीव पकडते आणि काही आठवडे तग धरते. तेवढ्यात पाणी निवले आणि शैवाल परतले तर ते सावरते. न परतले तर उपासमारीने मरते. अशा वेळी घाबरून दिवा वाढविणे ही घोडचूक होय. प्रकाश कमी करावयाचा, पाणी हळूहळू थंड करावयाचे आणि बारीक अन्न द्यावयाचे.

चेन्नईत मे महिन्यात चाळीस अंशांचा उन्हाळा नवलाचा नाही; ३१ मे २००३ रोजी तेथे पंचेचाळीस अंशांची नोंद झाली. घरातील टाकीचे पाणी सहजच तिशी ओलांडते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने पृष्ठभागावर पंखा सोडला तर टाकीही निवते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास जी उष्णता लागते ती दोनशे लिटर पाण्याचे तापमान जवळजवळ तीन अंशांनी उतरविण्यास पुरेशी असते. मात्र खोलीतील उष्णता पुन्हा टाकीत शिरतच असते, आणि नागपूरच्या कोरड्या हवेत माठ जितका गार होतो तितका चेन्नईच्या दमट हवेत होत नाही. त्यामुळे पंख्याने दोन-तीन अंश मिळतात. त्यापुढे शीतयंत्र घ्यावे लागते आणि त्याचे विजेचे देयक भरावे लागते.

आणि वीज गेली तर? १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळले आणि कित्येक वस्त्या काही दिवस अंधारात राहिल्या. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पावसाने पुन्हा तीच अवस्था आणली. पंप थांबला की प्राणवायू मिसळत नाही. खाऱ्या पाण्यात तो गोड्याच्या मानाने सुमारे पंचमांश कमीच मावतो, आणि पाणी जितके उष्ण तितका आणखी कमी. गर्दीच्या टाकीत काही तासांतच जीव गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा लहानसा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. तोही नसला तर लंडनच्या त्या मोलकरणीप्रमाणे तांब्याने पाणी वरून ओतीत बसावे. २०१९ च्या उन्हाळ्यात संकट उलट्या बाजूने आले. पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम या चारही जलाशयांनी तळ गाठला आणि पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागल्या. शेजारी घागरभर पाण्यासाठी उभा असताना टाकीचे पाणी बदलावे की नाही, हा प्रश्न कोणत्याही पुस्तकात सोडविलेला नाही. दाट वनस्पतींची आणि थोड्या माशांची टाकी अशा दिवसांत आठवडेच्या आठवडे पाणी न बदलता निभावते. नायट्रेट झाडे खातात. प्रवाळाच्या टाकीला ही सवलत नाही.

यापुढची गोष्ट शास्त्राची नसून कायद्याची आहे, आणि दुकानदार ती क्वचितच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गनपाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. म्हणजे भारतीय समुद्रातून असे प्रवाळ उचलणे, विकणे वा बाळगणे हा वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांवरही आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन असून त्यांना परवान्याचे कागद लागतात. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्या दुकानातून पिशवीत बांधून मिळालेले प्रवाळ कितीही सुंदर असले तरी ते घरी आणू नये. मऊ, सांगाडा नसलेल्या काही जाती त्या यादीत नाहीत. पण त्याही कोठल्या तरी खडकावरून खरवडून आणलेल्या असू शकतात, हे विसरता येत नाही.

हा कडकपणा अनाठायी नाही. रामेश्वरापासून तूत्तुक्कुडीपर्यंत मन्नारच्या आखातात एकवीस बेटांची रांग असून १९८६ साली तिचे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. त्यापूर्वी व त्यानंतरही पुष्कळ काळ तेथील प्रवाळ चुन्यासाठी खणून नेले जात. विलंगुचल्ली आणि पूवरसनपट्टी ही दोन बेटे आज पाण्याखाली गेलेली आहेत. भोवतीचा प्रवाळाचा बांध गेला की लाटांना अडविणारे कोणी राहत नाही. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर विरंजित झाले. चेन्नईच्या दिवाणखान्यातील टाकीत मे महिन्यात जे घडते तेच त्या उघड्या समुद्रात घडले, फरक इतकाच की तेथे शीतयंत्र लावावयास जागा नाही.

टाकीतून बाहेर गेलेले जीवही कमी उपद्रव करीत नाहीत. काच साफ करतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा मोठा झाला की लोक तो तळ्यात सोडतात. चेन्नईच्या परिसरातील जलाशयांत त्याने बस्तान बसविले आहे. भूमध्य समुद्रात १९८४ साली मोनॅकोच्या मत्स्यालयाजवळ कौलर्पा या शोभेच्या शैवालाचा एक पुंजका दिसला आणि काही वर्षांत त्याने किनाऱ्याचे मैलच्या मैल व्यापले. मन्नारच्या आखातात व्यापारासाठी लावलेले कप्पाफायकस हे परदेशी शैवाल निसटून २००८ च्या सुमारास कुरुसडै बेटाच्या प्रवाळांवर चढले आणि त्यांचा प्रकाश अडवून त्यांना मारू लागले. टाकीतील छाटलेल्या फांद्या गटारात वा तळ्यात टाकू नयेत. उन्हात खडखडीत वाळवून मग केराच्या डब्यात टाकाव्यात.

तूत्तुक्कुडीच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेतील पाणबुडे २००२ पासून वेगळेच काम करीत आहेत. निरोगी प्रवाळाच्या लहान फांद्या घेऊन ते सिमेंटच्या चौकटींवर बांधतात आणि उजाड झालेल्या तळावर नेऊन ठेवतात. शिंगांसारख्या फांद्यांचे ॲक्रोपोरा वर्षाला बोट-दीड बोट वाढते, म्हणून ते लवकर दिसू लागते. गोलसर पोराइट्सची वाढ मात्र वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. रामेश्वराच्या यात्रेहून परतताना शंख-शिंपल्यांबरोबर पांढऱ्या प्रवाळाचा एखादा गोळा आणून दिवाणखान्यातील कपाटात ठेवण्याची चाल एके काळी पुष्कळ घरांत होती. तो गोळा घंगाळाएवढा असेल, तर त्याला तेवढे होण्यास समुद्रात तीसएक वर्षे लागलेली आहेत.